जुन्या पेटींतील विमान



"मुलगा तासन् तास खेळण्यांतल्या विमानापाशीं बसतो, सर, त्याला जरा समज द्या," अशी तक्रार गेल्या वर्षीं एका पालकांनीं मजकडे केली होती. मींहि मान डोलाविली. त्या मान डोलाविण्याची आज मला लाज वाटते. ती कां, हें सांगण्यासाठींच हा लेख.

त्या मुलाचे मामा नाशिकजवळील ओझरच्या विमान-कारखान्यांत नोकरीस होते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हा कारखाना 1964 सालीं मिग-21 जातीचीं लढाऊ विमानें बांधण्यासाठीं स्थापन झाला. मामांच्या माळ्यावर याच विमानाच्या प्रतिकृतीचा एक जुना संच, प्लास्टिकच्या सुट्या भागांसह, धूळ खात पडला होता. तो सुटींत बदनापुरास आला.

प्रतिकृति खऱ्याच्या बहात्तरांश आकाराची. खऱ्या मिगच्या पंखांचा विस्तार सुमारें 7.15 मीटर, त्यास 72 नें भागिलें असतां 9.9 सेंटिमीटर येतात. मुलानें पट्टी लाविली, तों पंख 3 मिलिमीटर आंखूड! मग वैगुण्यांची यादीच झाली. पत्र्यांचे सांधे खऱ्या विमानावर बारीक खांचांसारखे दिसतात, ते येथें उठावाच्या रेषांनीं दाखविलेले. वैमानिकाच्या जागीं नुसती पोकळी. 'एफएल' या आधींच्या प्रकाराची पाठ सडपातळ, तर 'बिस' या मागाहूनच्या प्रकाराची फुगीर. हा संच ना धड एक, ना धड दुसरा.

मुलानें 'एफएल' करावयाचें ठरविलें. पाठ कानशीनें घांसली. उठाव पॉलिशपेपरनें काढून सुईनें नव्या रेषा कोरल्या. मोडक्या प्लास्टिक-पट्टीचे तुकडे जोडून पंख वाढविले, पुठ्ठ्याचें आसन केलें. सुटे भाग ज्या दांडीस जोडलेले येतात, ती दांडी मेणबत्तीच्या आंचेवर मऊ करून ओढली, तेव्हां तिची केसासारखी तार निघाली. तिचें एरियल झालें.

शाळेच्या प्रदर्शनांत दोन विमानें आलीं. एक बाजारांतून आणलेलें नवें, एका दुपारींत जोडलेलें, झगझगीत. दुसरें हें, त्याच्या पोटाचा कांहीं भाग रंगाविना कोरा. परीक्षक मीच होतों. 'काम अपुरें' असा शेरा मारून मीं पहिलें बक्षीस नव्या विमानास दिलें. सायंकाळीं आवराआवर करितांना त्या मुलाची वही हातीं लागली. प्रत्येक मापापुढें तें कोठून घेतलें, हें लिहिलेलें होतें. अखेरीस एक ओळ होती : "पोटाखालील या भागाचें चित्र मिळालें नाहीं, मामांसहि आठवेना, म्हणून कोरा ठेविला आहे." ज्यास मीं आळस समजलों, तो प्रामाणिकपणा होता.

तेव्हांपासून माझें असें ठाम मत झालें आहे कीं, मुलांच्या हातीं निर्दोष नवा संच देण्यापेक्षां सदोष जुना संच देणें अधिक हितावह आहे. नवा संच सूचना पाळावयास शिकवितो. जुना संच मोजावयास, शंका घ्यावयास आणि चूक आढळल्यास ती आपल्या हातानें सुधारावयास शिकवितो. आपणां शेतकऱ्यांस हें नवें नाहीं. आपल्या बदनापूरच्या कृषि संशोधन केंद्रानें 'बीडीएन-711' सारखे तुरीचे वाण दिले, ते हातांतील पिकाचे गुणदोष हंगामामागून हंगाम पारखूनच. खुद्द मिगची कथाहि अशीच आहे : 'एफएल', मग 'एम', मग 'बिस', आणि शेवटीं बिसमध्येंच सुधारणा करून केलेलें 'बायसन'.

26 सप्टेंबर 2025 रोजीं चंडीगड येथें वायुदलानें मिग-21 ला अखेरचा निरोप दिला. यापुढें मुलांस हें विमान कळावयाचें तें छायाचित्रांतून, संग्रहालयांतून आणि अशा प्रतिकृतींतून. म्हणूनच प्रतिकृति खरी असावी. आणि जेथें ठाऊक नाहीं, तेथें कल्पनेचा रंग न लावतां जागा कोरी सोडण्याचें धैर्य असावें. उत्तरपत्रिकेंत व पुढें संसारांतहि हेंच धैर्य उपयोगी पडतें.

अभ्यास टाकून कोणी हें करावें, असें मी म्हणत नाहीं. रविवारचे दोन तास पुरेत. पातें चालवितांना घरांतील वडीलधारें माणूस जवळ असावें व डिंक वापरतांना खिडकी उघडी असावी. परंतु या छंदास 'खेळणें' म्हणून हिणवूं नये.

यंदाच्या प्रदर्शनासाठीं मीं मुख्याध्यापकांस एक विनंति केली आहे : प्रत्येक प्रतिकृतीशेजारीं तिची वही मांडावी आणि परीक्षकानें आधीं वही वाचावी, मग प्रतिकृति पाहावी. त्या पालकांसहि मीं घरीं जाऊन सांगितलें कीं, समज मुलास नव्हे, त्याच्या शिक्षकास हवी होती.