भराव कोणाचा, पाणी कोणाच्या घरात?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. पुढे लाल-निळ्या पूररेषांवरून शहरात जो संताप झाला, तो मला समजतो. आयुष्यभराच्या कमाईचे घर नकाशावरच्या रेषेत अडकले की माणूस चिडणारच. तरी ‘रेषाच पुसा’ ही मागणी मला मान्य नाही.

२५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी. तिच्या आत इमारत बांधता येत नाही. बाग, वाहनतळ चालतो. (कब्रस्तानही चालते, तिथल्यांना पुराचे भय नाही.) १०० वर्षांच्या पुराची रेषा लाल. दोन्हींच्या मधले बांधकाम लाल रेषेच्या पातळीहून ४५ सेंटिमीटर उंच हवे. माझी हरकत इथे आहे. ही उंची खांबांवर गाठली तर पाणी खालून निघून जाते. भराव टाकून गाठली तर तेच पाणी शेजारच्या ठेंगण्या घरात शिरते. नवे संकुल कोरडे राहते आणि मोहल्ल्यातल्या भाडेकरूचे धान्य भिजते.

म्हणून नगरपरिषदेकडे आपण नेमके मागू या: पूररेषेच्या आत भराव बंद, परवानगी फक्त खांबांवर, आणि जुन्या घरांना दुरुस्तीची मुभा. पावसाळ्याआधी आपल्या प्रभागातल्या नव्या इमारतींचे मंजूर नकाशे मागवा. पूररेषा त्यांवर दाखवली आहे का, ते आधी पाहा.