बोरचा आकडा आणि शिकारीची बढाई

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील जुन्या मराठी घराण्यांच्या आठवणी छापून येतात, तेव्हा त्यांत शिकारीचे एक प्रकरण बहुधा असतेच. आणि पणजोबांच्या दुनळी रायफलीचा बोरही त्यात आवर्जून सांगितलेला असतो. '.४५० ची होती', '.५०० ची होती' एवढे म्हटले की वाघ आपोआप मोठा होतो. या आकडेपूजेला आमचा स्पष्ट विरोध आहे.

मुळात तो आकडाच भरवशाचा नाही. .२७५ रिग्बीची गोळी प्रत्यक्षात .२८४ इंच जाडीची, .४५० ची .४५८ आणि .४७० ची .४७५. आकड्यांचा जन्मही प्रत्येक वेळी रानातल्या गरजेतून झालेला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने .४५० बोरला हिंदुस्थानात बंदी केली, ती लष्करी दारूगोळा बंडखोरांना उपयोगी पडेल या धास्तीने. त्यासरशी विलायती बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७६ असे शेजारचे आकडे पुढे केले. गव्याच्या कातडीचा त्यात काय संबंध?

आता कारमोजो बेल या स्कॉट शिकाऱ्याचे उदाहरण पाहा. आफ्रिकेत त्याने हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतले बहुसंख्य .२७५ सारख्या लहान बोरने. त्याची १७३ ग्रेनची घन गोळी .४५० च्या ४८० ग्रेनच्या गोळीपुढे चिमुकली वाटते. पण बारीक आणि लांबट गोळीच्या छेदाच्या मानाने तिचे वजन मोजले, तर दोहोंत सहा-सात टक्क्यांहून अधिक अंतर पडत नाही. म्हणूनच ती कवटी भेदून आत जाते. बेलने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदूची जागा अभ्यासली होती, हे मात्र आमच्या बोरभक्तांना ठाऊक नसते. दाट झाडीत दहा पावलांवरून गवा अंगावर आला, तर .२७५ पुरेशी नाही, हे आम्ही मान्य करतो. तिथे .३७५ किंवा त्याहून मोठी हवी, पण तीही नेम साधणाऱ्याच्या हातात.

खरा प्रश्न गोळीच्या बांधणीचा आहे. मऊ टोकाची गोळी शरीरात फुलते. वाघ, सांबर यांना ती योग्य. तीच गव्याच्या खांद्याच्या हाडावर वरच्यावर फुटली, तर जखम उथळ राहते आणि जनावर निघून जाते. उलट, घन गोळी वाघातून आरपार निघून गेली, तर तो मैलभर रक्त सांडत जातो. फुलणाऱ्या गोळीला जग ज्या नावाने ओळखते, ते कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रागाराचे. १८९९ च्या हेग घोषणेने ती युद्धात निषिद्ध ठरवली. माणसाला जी क्रूर, तीच रानात अधिक दयाळू ठरते, कारण ती लवकर मारते.

जखमी जनावराचा हिशेब कोण देतो? १९०७ मध्ये कॉर्बेटने मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसे होती. तिचे उजवीकडचे वरचे व खालचे सुळे जुन्या गोळीने मोडले होते. ती गोळी कोणत्या बोरची, हे कोणी विचारलेले नाही. ती तोंडावर लागली, एवढे पुरे. आणि त्या कामगिरीबद्दल कॉर्बेटला बक्षीस मिळालेली रायफल होती .२७५ ची!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा वाद कशाला, असे कोणी विचारील. पण २०१६ मध्ये बिहारात नीलगाईंवर सरकारी संमतीने गोळ्या चालल्या, आणि त्यासाठी नेमबाज हैदराबादहून बोलावले गेले. पिके वाचविण्याच्या परवान्यावर बंदूक उचलणारा आजही बोरवरच भिस्त ठेवतो. चंबळकडे घरोघर दिसणारी .३१५ आपल्याकडे रुजली, तीही .३०३ हा लष्करी बोर सामान्यांना वर्ज्य होता म्हणून.

म्हणून पूर्वजांच्या शिकारीवर लिहिणाऱ्यांकडे आमचे मागणे आहे: गोळी कोणती होती, अंतर किती होते, लागली कुठे, हे लिहा. घरच्या जुन्या वह्यांत ते सापडेल. त्याच वह्यांत जखमी होऊन निसटलेल्या जनावरांच्या नोंदी असतील, तर त्या गाळू नका.