उडता न येणारी माणसे

मुलाच्या हाती चित्रांची गोष्ट दिसली, की ती काढून घेऊन त्या जागी एखादे ‘चांगले’ पुस्तक ठेवण्याचा मोह वडीलधाऱ्यांना आवरत नाही. मी शिक्षक असल्यामुळे हा मोह मला इतरांहून अधिक वेळा झाला आहे आणि पुष्कळदा मी त्याला वशही झालो आहे. चित्रकथा म्हणजे अंगाला घट्ट बसणारे रंगीत कपडे घालून आकाशात उडणाऱ्या अतिमानवांच्या हाणामाऱ्या, अशी माझी पक्की समजूत होती. ती चुकीची होती. ती कशी, हे सांगण्यासाठी अमेरिकेतील क्लीव्हलंड या शहरापासून आरंभ करणे सोयीचे होईल.

मंदीच्या काळात या शहरात जेरी सीगल व जो शूस्टर हे दोन तरुण मित्र राहत होते. एक लिहीत असे, दुसरा चित्रे काढीत असे. त्यांच्या कल्पनेतून जन्मलेला सुपरमॅन १९३८ साली प्रथम छापला गेला आणि पाहता पाहता जगाच्या परिचयाचा झाला. परंतु त्यावरील आपले सारे हक्क या दोघांनी अवघ्या १३० डॉलरांना प्रकाशकाला विकून टाकले होते! पुढे कित्येक वर्षे त्यांची नावेही त्या पानांवर झळकली नाहीत. श्रेय आणि वार्षिक वेतन त्यांच्या पदरी पडले ते १९७५ साली, त्यांनी साठी ओलांडल्यावर.

हा झाला व्यवहार. पण व्यवहाराचा परिणाम कथेवरही होतो, इकडे आपले सहसा लक्ष जात नाही. कथेचा नायक ही एकदा मालमत्ता झाली, की त्याला म्हातारा होऊ देणे मालकाला परवडत नाही. नवा अंक ठरल्या वेळी निघालाच पाहिजे. म्हणून शत्रू हरतो, पण संपत नाही; नायक घायाळ होतो, पण त्याच्या केसाला पांढरेपण येत नाही. १९९२ साली सुपरमॅनचा मृत्यू मोठा गाजावाजा करून छापण्यात आला आणि १९९३ साली तो परतही आला. या कथांत कौशल्य नसते असे नव्हे. त्या रेखाटणारे हात कसलेले असतात, आणि त्या वाचून कोणी बिघडतो असेही मी म्हणणार नाही. परंतु जिला शेवटच करता येत नाही, ती कथा माणसाच्या आयुष्याविषयी फार थोडे सांगू शकते.

त्याच क्लीव्हलंड शहरात हार्वी पीकर नावाचा एक कारकून होता. माजी सैनिकांच्या रुग्णालयात फायली लावून ठेवणे, हे त्याचे काम. त्याला चित्रे काढता येत नसत. तो कागदावर चौकटी आखी, त्यांत काड्यांची माणसे काढी, शेजारी संवाद लिही आणि तो कागद चित्रकार मित्रांच्या हवाली करी. १९७६ साली त्याने पदरच्या पैशाने आपली चित्रकथा छापली आणि तिला नाव दिले ‘अमेरिकन स्प्लेंडर’, म्हणजे अमेरिकेचे वैभव! आत पाहावे तर वैभवाचा मागमूस नाही. दुकानात पैसे देण्यासाठी कोणत्या रांगेत उभे राहावे, हा तिच्यातील एका कथेचा विषय आहे. रॉबर्ट क्रंबने रेखाटलेल्या दुसऱ्या एका कथेत एक माणूस आपल्याकडे तोंड करून केवळ बोलत राहतो. दूरध्वनीच्या यादीत त्याला आपल्याच नावाचे आणखी हार्वी पीकर आढळतात. तो त्यांना कधी भेटलेला नाही. तरीही ते वारल्याचे कळल्यावर त्याला वाईट वाटते. चौकटीमागून चौकट तोच चेहरा, जवळजवळ तीच मुद्रा. एखाद्या चौकटीत तो नुसताच गप्प असतो. हे शब्दांनी लिहायचे तर ‘तो क्षणभर थांबला’ एवढेच लिहिता येईल. तो थांबलेला क्षण डोळ्यांसमोर धरून ठेवणे चित्रालाच शक्य आहे.

पीकरचा विषय लहान होता. आर्ट स्पीगलमनने हाती घेतलेला विषय सहा दशलक्ष ज्यूंच्या संहाराचा होता. त्याचे वडील व्लाडेक ऑश्विट्झच्या छळछावणीतून वाचलेले. त्यांची हकिकत ऐकून त्याने ‘माऊस’ ही चित्रकथा रचली. न्यू यॉर्कहून तो व त्याची पत्नी फ्रान्स्वाज मूली ‘रॉ’ नावाचे नियतकालिक स्वतः काढीत; त्यात १९८० पासून ती क्रमशः आली. पुस्तकरूपाने ती छापण्यास अनेक प्रकाशकांनी नकार दिला. पहिला खंड १९८६ साली निघाला, दुसरा १९९१ साली, आणि १९९२ साली तिला पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले.

या कथेत ज्यू लोक उंदरांच्या रूपात आहेत आणि जर्मन मांजरांच्या. ही कल्पना ऐकून ती पोरकट वाटण्याचा संभव आहे. मलाही तशी वाटली होती. परंतु पोलंडमध्ये लपूनछपून वावरणारा उंदीर डुकराचा मुखवटा बांधून रस्त्याने जातो (पोलिश माणसे येथे डुकरांच्या रूपात आहेत), तेव्हा ‘वंश’ ही गोष्ट माणसाने माणसावर बांधलेला मुखवटा आहे, हे कोणी न सांगता कळते. त्याहूनही मला मोलाचे वाटते ते व्लाडेकचे चित्रण. घरातल्या घरात व्यायामाच्या सायकलीवर पाय मारीत तो जुन्या आठवणी सांगू लागतो, आणि त्याच्या हातावर गोंदलेला छावणीचा क्रमांक आपल्याला दिसतो. हा माणूस शूर आहे, कल्पक आहे. पण तो कमालीचा चिक्कू आहे, बायकोशी भांडतो, आणि वाटेत एका कृष्णवर्णीय माणसाला मुलाच्या मोटारीत घेतले म्हणून संतापतोही. ज्याने वंशद्वेष भोगला त्याच्याच मनात वंशद्वेष! मुलाने हे झाकले नाही. शेवटी थकलेला पिता आर्टला हाक मारतो ती युद्धात दगावलेल्या थोरल्या भावाच्या नावाने, आणि खाली थडगे दिसते. सुपरमॅनला असा शेवट कोण देणार?

जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील एका जिल्ह्याच्या शालेय मंडळाने हेच पुस्तक आठवीच्या, म्हणजे तुमच्याच वयाच्या मुलांच्या अभ्यासक्रमातून काढून टाकले. त्यातील काही शब्द आणि काही चित्रे त्यांना आक्षेपार्ह वाटली. मुलांना जपावे ही इच्छा मी समजू शकतो. पण छळछावणीची गोष्ट कोणालाही बोचणार नाही अशा रीतीने सांगता येईल, हे मला पटत नाही.

आपल्या महाराष्ट्रात घडलेली एक हकिकतही अशाच एका चित्रकथेत आली आहे. १९०१ साली साताऱ्याहून काही मुले गोरेगावला वडिलांकडे निघाली. मसूर स्थानकावर ती उतरली. महार जातीची आहेत हे कळताच स्थानकप्रमुख मागे सरला, गाडीवाले मिळेनात. कशीबशी बैलगाडी मिळाली, पण वाटेत कोणी पाणी देईना. जवळ अन्न होते. पाण्यावाचून ते खाता आले नाही. त्या मुलांतील एक म्हणजे बाल भीमराव आंबेडकर. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने २०११ साली काढलेल्या ‘भीमायन’मध्ये ही हकिकत आहे. संहिता श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांची, चित्रे मध्य प्रदेशातील दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. माणसांना चौकटींत कोंडणे व्यामांना मानवले नाही, म्हणून या पुस्तकात ठरावीक चौकटी नाहीत. पानभर वळणारी नक्षीच प्रसंग वेगळे करते. मृदू बोलणे पक्ष्याच्या आकारात लिहिलेले आहे. ज्या बोलण्यात विष आहे, त्याला विंचवाची नांगी आहे.

हे पुस्तक मी एकदा वर्गात नेले होते. तास संपल्यावर सर्व मुले बाहेर पळाली. एक मुलगी मात्र बाकावर बसून राहिली. ती गोष्ट वाचीत नव्हती. पाने उलटून फक्त नांग्या शोधीत होती आणि प्रत्येक नांगीजवळचे वाक्य हळूच उच्चारून पाहत होती. मी पुस्तकासाठी हात पुढे केला. “सर, अजून थोडी पाने राहिली आहेत,” ती मान वर न करता म्हणाली. मी हात मागे घेतला.