‘सात’चे ‘आठ’ ऐकू येते तेव्हा

नातवाने फोनवर सांगितले, ‘‘आजोबा, बस सातला आहे.’’ आजोबा आठच्या हिशेबाने आवरून स्टँडवर पोहोचले, तोवर बस कधीच निघून गेली होती. ते घरी परतल्यावर मुलगा हळूच म्हणाला, ‘‘हल्ली बाबांच्या लक्षातच राहत नाही.’’ शेजारच्या काकूंनी त्यावर ठरलेली म्हण ऐकवली: साठी बुद्धी नाठी. हा प्रसंग कुठल्या एका घरातला नाही. थोड्याफार फरकाने तो असंख्य घरांत घडतो आणि निदानही हेच होते, की आता स्मरणशक्ती गेली. ‘सात’मधला ‘स’ मुळात कानापर्यंत पोहोचलाच नसेल, ही शक्यता कोणाच्या मनातही येत नाही.

वाढत्या वयात ऐकू येणे सरसकट कमी होत नाही. आधी जातात ते उंच पट्टीचे, बारीक आवाज. आतल्या कानात शंखासारखा वळलेला एक अवयव असतो. त्यात आवाज टिपणाऱ्या काही हजार सूक्ष्म केसपेशी असतात. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी अगदी तोंडाशी असतात आणि झीजही त्यांचीच आधी होते. माणसाच्या शरीरात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आता भाषेकडे पाहा. ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ हे स्वर खालच्या पट्टीत असतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने वरच्या. त्यामुळे वयस्कर माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. ‘‘ऐकू येतं रे, पण तू काय बोलतोस ते समजत नाही,’’ ही आजोबांची तक्रार शास्त्रीयदृष्ट्या अगदी बिनचूक आहे. घरातले त्यावर आवाज चढवतात. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने होती तिथेच राहतात. वर आजोबांना वाटते, सगळे आपल्यावर खेकसतात.

ही गोष्ट कानाची आहे, मग मेंदूचा विषय कुठून आला? खरे तर तो पहिल्या वाक्यापासूनच आला आहे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने डिमेन्शियावर, म्हणजे स्मृतिभ्रंशावर, नेमलेल्या तज्ज्ञगटाचा तिसरा अहवाल २०२४ मध्ये आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील प्राध्यापक गिल लिव्हिंग्स्टन या गटाच्या प्रमुख होत्या. जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा निदान लांबणीवर टाकता येण्याजोगा आहे, असा त्यांचा हिशेब आहे. त्यासाठी त्यांनी १४ कारणे मांडली. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा, हवेचे प्रदूषण आणि शिक्षणाचा अभाव आहे. मात्र यादीत सर्वांत मोठा वाटा असलेली कारणे दोन: रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल आणि बहिरेपण. प्रत्येकी सात टक्के. कोलेस्टेरॉलची तपासणी मध्यमवर्गीय घरांत आता रुळली आहे, रिपोर्टचे आकडे लोकांना तोंडपाठ असतात. कानांची चाचणी अशी कोणाच्या घरी ठरवून होते?

या संबंधाकडे जगाचे लक्ष वेधले ते अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. फ्रँक लिन यांनी. २०११ मध्ये त्यांनी ६३९ लोकांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांना थोडे कमी ऐकू येत होते त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट, मध्यम बहिरेपण असणाऱ्यांत तिप्पट आणि तीव्र बहिरेपण असणाऱ्यांत पाचपट आढळला. एक गोष्ट दुसरीबरोबर दिसली म्हणून पहिलीच दुसरीचे कारण ठरत नाही. पण असे का होत असावे, याची शास्त्रज्ञ देत असलेली स्पष्टीकरणे पटण्यासारखी आहेत.

अर्धवट ऐकू आलेला शब्द मेंदू संदर्भावरून पूर्ण करतो. गाळलेल्या जागा भरत वाक्य ऐकण्यासारखेच ते. दिवसभर हे काम करताना मेंदूची जी ताकद खर्च होते, तीच ऐकलेले लक्षात ठेवायला लागते. म्हणून माणूस लग्नाकार्यातून थकून येतो आणि तिथे कोण काय म्हणाले हे त्याला आठवत नाही. दुसरे असे, की कानाकडून संदेश कमी येऊ लागले की आवाजाचा अर्थ लावणारा मेंदूचा भाग अधिक वेगाने आक्रसतो, हे मेंदूच्या छायाचित्रांत दिसले आहे. तिसरी गोष्ट पाहायला कुठलेही यंत्र लागत नाही. पुन्हा पुन्हा ‘काय?’ विचारायची लाज वाटते. मग माणूस नुसते हसून मान डोलावतो, नंतर कट्ट्यावर जाणे सोडतो, भजनाला जात नाही, फोन दुसऱ्याच्या हातात देतो. घरात दहा माणसे असतात आणि तो एकटा असतो.

बोलणे, ऐकणे, वाद घालणे हा मेंदूचा केवढा व्यायाम आहे, याचा एक दाखला आपल्या शेजारच्याच राज्यातला आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाला होता. शाळेची पायरीही न चढलेल्यांतसुद्धा हा फरक दिसला. सगळ्याच देशांतल्या अभ्यासांत तो इतका ठळक आलेला नाही. तरी सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू अशा तीन भाषांत बाजार करणाऱ्या किंवा गोव्यात कोकणी-मराठीत सहज ये-जा करणाऱ्या आजीबाईंसाठी तो मोलाचा आहे. आयुष्यभर जमवलेली ही पुंजी कानांवाटे वापरली जाते. कानच मिटले तर ती पडून राहते.

मेंदू तल्लख ठेवण्याच्या नावाखाली मात्र भलत्याच गोष्टी विकल्या जातात. स्मरणशक्तीची टॉनिके, मोबाइलवरचे खेळ, मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणारे वर्ग. अमेरिकेत ‘ल्युमोसिटी’ हा मेंदूचे खेळ खेळवणारा कार्यक्रम खूप गाजला होता. आपल्या खेळांमुळे विसरभोळेपणा लांबणीवर पडतो, असे दावे पुरेशा पुराव्याविना केल्याबद्दल तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. महिन्याला पैसे मोजून पडद्यावरचे ठोकळे जुळवणाऱ्या माणसाचे कान तपासलेलेच नाहीत, ही फार खेदाची गोष्ट आहे.

मग कानाला मशीन लावले की स्मृतिभ्रंश टळतो का? याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर ‘अचीव्ह’ नावाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. निम्म्यांना श्रवणयंत्र आणि ते वापरण्याचे मार्गदर्शन मिळाले, उरलेल्यांना आरोग्याविषयीची सर्वसाधारण माहिती. तीन वर्षांनी दोन्ही गटांची सरसकट तुलना केली, तेव्हा फारसा फरक आढळला नाही. पण त्यांतल्या एका भागात चित्र वेगळे होते. हे लोक वयाने जास्त होते आणि हृदयविकाराचा धोका असलेले होते. यंत्र वापरणाऱ्यांची बौद्धिक घसरण त्यांच्यात ४८ टक्क्यांनी मंदावलेली दिसली. म्हणजे ज्यांचा मेंदू आधीच धोक्यात आहे त्यांना लाभ अधिक. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांचा डबा उशाशी असलेली आपल्याकडची पिढी बहुतांशी याच वर्गात मोडते. भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश असावा असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. स्त्रियांत, खेड्यांत आणि कमी शिकलेल्यांत तो अधिक आहे. नेमके याच लोकांपर्यंत श्रवणतज्ज्ञ पोहोचत नाही.

खरी अडचण मशीन घेतल्यानंतर सुरू होते. मुलगा पुण्या-मुंबईहून महागडे यंत्र आणतो, आजी ते चार दिवस लावते आणि पाचव्या दिवशी कपाटात ठेवते. ‘‘नुसता कलकलाट होतो,’’ म्हणते. तिचे खरे असते. अनेक वर्षे शांततेला सरावलेल्या मेंदूवर भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न एकदम कोसळतात. यातले काय ऐकायचे आणि काय सोडून द्यायचे, हे मेंदूला नव्याने शिकावे लागते आणि त्याला आठवडे, कधी महिने लागतात.

इथे सवयींचे शास्त्र कामी येते. कोणतीही सवय २१ दिवसांत लागते, असे व्याख्यानांत सांगितले जाते. त्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एवढे दिवस लागतात, एवढेच त्याचे निरीक्षण होते. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर प्रत्यक्ष अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. ठरावीक खुणेला जोडलेली कृती हळूहळू विचार न करता होऊ लागते. चप्पल दिसली की पाय आपोआप आत जातो तसे. म्हणून श्रवणयंत्राची डबी कपाटात नव्हे, चष्म्याशेजारी ठेवावी. सकाळी चष्मा लावला की लगेच मशीन. पहिला आठवडा घरातल्या शांत खोलीत एकाच माणसाशी गप्पा, मग दोघांशी, मग टीव्ही, बाजार अगदी शेवटी. आजी कंटाळली तर ‘एवढे पैसे घातले’ म्हणून तिला टोचू नये. यंत्राचा आवाज पुन्हा जुळवून घ्यायला तिला घेऊन जावे.

घरच्यांनीही बोलण्याची रीत बदलायला हवी. दुसऱ्या खोलीतून हाक मारून नव्हे, समोर येऊन, तोंडावर उजेड असताना, टीव्ही बंद करून, जरा सावकाश बोलावे. यासाठी पैसे लागत नाहीत. यातले अर्धे जरी घडले तरी घरातली निम्मी भांडणे मिटतील.

लाजेचे काय करायचे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. चष्मा लावणाऱ्याला कोणी आंधळा म्हणत नाही, पण मशीन लावणारा ‘बहिरा’ ठरतो. भलतेच ऐकून भलतेच उत्तर देणारा म्हातारा हे आपल्या विनोदांतले हमखास हशा मिळवणारे पात्र आहे. तो हशा आता पुरे झाला. त्याच्या भीतीने माणसे चाचणीच टाळतात आणि यंत्राने सर्वाधिक फायदा व्हायची वर्षे हातची जातात.

सरकारकडून मागायचे तेही स्पष्ट मागितले पाहिजे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरजू नागरिकांना साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३००० रुपये मिळतात. त्यात चष्मा आहे, काठी आहे, श्रवणयंत्रही आहे. चष्म्याला ही रक्कम पुरते. चांगल्या डिजिटल श्रवणयंत्राची जोडी हजारोंच्या घरात जाते आणि ती कानाप्रमाणे जुळवून देणारे कोणी नसेल तर फुकटचे यंत्रही निरुपयोगी. श्रवणयंत्रासाठी वेगळी, पुरेशी तरतूद हवी आणि दर तालुक्याला निदान ठरावीक वारी श्रवणतज्ज्ञ हवा. मुंबईत वांद्र्याला या विषयाची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे तयार होणारे ज्ञान आणि माणसे गडचिरोली-नंदुरबारपर्यंत पोहोचवणे हे राज्याचे काम आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजतात, त्याच रांगेत कानही तपासले जावेत. कित्येकदा कानात फक्त मळ साचलेला असतो आणि तो काढताच ऐकू येऊ लागते.

आणि हा विषय फक्त आजी-आजोबांचा नाही. १०० डेसिबलच्या आवाजात सुमारे १५ मिनिटे राहिले तरी कानांची दिवसभराची सुरक्षित मर्यादा संपते, असे अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचे परिमाण सांगते. विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे पाच-पाच तास नाचणारी मुले, भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात पाळ्या करणारे कामगार, तासन्‌तास कानांत इअरफोन खुपसलेले विद्यार्थी यांच्या केसपेशी आज मरत आहेत. त्याचा हिशेब ही मुले पन्नाशीत पोहोचतील तेव्हा समोर येईल. मिरवणुकीतला आवाज कमी करा असे सांगणाऱ्याला धर्मविरोधी ठरवण्यापूर्वी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हा हिशेब एकदा मांडावा.

घरात कोणी साठी ओलांडली असेल, तर आज संध्याकाळी टीव्हीचा आवाज किती आकड्यावर आहे ते पाहा. गेल्या वर्षीपेक्षा तो वाढला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाची वेळ घ्या आणि सोबत स्वतःचेही कान तपासून घ्या. ऑडिओमेट्रीला, म्हणजे कानांच्या या चाचणीला, साधारण अर्धा तास लागतो आणि ती अजिबात दुखत नाही.