सरकारी सल्ल्याला कुलूप कशाला?

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर संगणकावर रुग्णाची नोंद करतो आणि पडद्यावर सूचना उमटते: या औषधासोबत ते नको, ही तपासणी करून घ्या. राष्ट्रीय आरोग्य माहिती व्यवस्थेत अशी मदत असावी, यावर आता फारसे दुमत नाही. ई-संजीवनी या दूरवैद्यक सेवेत ती आलीही आहे. वाद आहे तो सूचनेमागचा नियम कोणाला दिसावा, याचा. तो सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या तिजोरीतच बरा, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याची बाजू अगदीच पोकळ नाही.

त्याचा पहिला मुद्दा सुरक्षिततेचा. नियम सर्वांना दिसला की कोणीही त्यात ढवळाढवळ करील म्हणे. दिसणे आणि बदलता येणे यांची ही गल्लत आहे. कायदा राजपत्रात छापला जातो, म्हणून वाटेल त्याला त्यात कलम घुसडता येत नाही. उलट झाकलेल्या नियमाचे काय होते, ते अमेरिकेत दिसले. प्रॅक्टिस फ्यूजन ही कंपनी डॉक्टरांना रुग्णनोंदींचे सॉफ्टवेअर पुरवत असे. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची, वेदनाशामके विकणाऱ्या एका कंपनीकडून सुमारे दहा लाख डॉलर घेऊन तिने डॉक्टरांच्या पडद्यावर वेदनेविषयीची सूचना बसवली. ती घडवण्यात औषध कंपनीच्या विक्रीवाल्यांचा हात होता. २०१६ पासून २०१९ पर्यंत ती उमटत राहिली, आणि डॉक्टर तिला वैद्यकशास्त्राचा सल्ला समजत राहिले. जानेवारी २०२० मध्ये प्रकरण मिटवताना कंपनीला १४.५ कोटी डॉलर मोजावे लागले. तो नियम उघड्यावर असता, तर कुणातरी खवचट प्राध्यापकाने पहिल्याच महिन्यात विचारले असते की याला आधार काय?

दुसरा दावा असा, की कंपनीचे गणित अधिक हुशार असते. असेलही, पण ते तपासायचे कोणी? अमेरिकेतल्या एपिक कंपनीचे सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गातून उद्भवणारी जीवघेणी अवस्था, ओळखणारे गणित शेकडो रुग्णालयांत वापरात होते. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ते आपल्या रुग्णांवर पडताळले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापला: सेप्सिसच्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना ते ओळखू शकले नव्हते. आधी वापर आणि मग परीक्षा, असा हा उलटा क्रम.

तिसरा आक्षेप मात्र मी मानतो. चूक झाली तर कंपनीला धरता येते, नियम सर्वांसाठी खुले असलेल्या मुक्त प्रणालीत कोणाला धरायचे? बिनमालकाची प्रणाली वर्षभरात जुनी होते, हे खरेच आहे. पण मुक्त म्हणजे बिनमालकाची नव्हे, आणि फुकटचीही नव्हे. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जनस्वास्थ्य सहयोग रुग्णालयासाठी सुरू झालेली बाह्मनी ही प्रणाली ओपनएमआरएस या मुक्त रुग्णनोंद सॉफ्टवेअरच्या पायावर उभी आहे आणि देशाबाहेरही पोचली आहे. तिच्या देखभालीला माणसे लागतात, पैसे लागतात. देखभालीचे कंत्राट जरूर द्या. नियमाची मालकी देऊ नका.

नियम उघडा ठेवून काय साधते, त्याचा नमुना तर महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजण्याचे साधे साधन वापरले. मणी आणि मिनिटभराचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, तर न्यूमोनिया समजायचा. फार आकडे न मोजता येणाऱ्या दाईलाही निर्णय घेता आला, आणि तो का घेतला हे आईला समोर दिसले. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. संगणकाविना चाललेली ही निर्णयसाहाय्य प्रणालीच होती, आणि तिच्यात झाकलेले काहीच नव्हते.

आपल्याकडे पाया बराच घातला गेला आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. आरोग्य नोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे. पण तिथला भर नोंदींच्या देवाणघेवाणीवर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०१९ पासून प्रमाण उपचारक्रम प्रसिद्ध केले, तेही कोणालाही वाचता येतात. मात्र ते माणसाने वाचायचे तक्ते आहेत. यंत्रासाठी त्यांचा नियम करताना प्रत्येक कंपनी आपापला अर्थ लावणार, आणि तो कुठे घसरला हे कुणाला कळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये यंत्रालाही वाचता येतील अशा ‘स्मार्ट’ मार्गदर्शिका मांडल्या त्या हीच फट बुजवण्यासाठी.

नियम उघडे केले की सूचनांचा भडिमार आपोआप थांबेल, असे मात्र नाही. वैतागून न वाचताच सूचना बंद करणारे डॉक्टर तेव्हाही असतील. पण किमान कोणती सूचना निरुपयोगी आहे, हे त्यांना पुराव्यानिशी सांगता येईल.

म्हणून सरकारी निविदेत अट हवी: प्रत्येक नियम, त्याचा वैद्यकीय आधार, बदलाची तारीख आणि पडताळणीची उदाहरणे जाहीर असतील, ते सांभाळायला पगारी डॉक्टर आणि अभियंते असतील. कंपन्यांनी पडदा देखणा करावा, वेग वाढवावा, त्याचे पैसे घ्यावेत. रक्तदाबाच्या कोणत्या आकड्याला औषध सुरू करायला सांगितले, हे मात्र तालुक्याच्या डॉक्टरला एका टिचकीसरशी दिसले पाहिजे.