रुमालांत बांधलेला समुद्र

कोकणच्या सागरी पराक्रमाचा अभिमान आपण उच्चरवाने मिरवतो. परंतु त्या पराक्रमाची अस्सल साक्ष ज्या दफ्तरखान्यांत जतन झाली आहे, त्यांची वास्तपुस्त मात्र क्वचितच घेतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड रियासतकार सरदेसायांनी संपादिले, हे उपकार थोरच. तथापि ते वेचे होते, आणि कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांची, म्हणजेच न वाचलेल्या रुमालांची रास अद्याप तशीच आहे.

असा एखादा रुमाल सोडून पाहावा. आधी ओळभर शिरोरेषा ओढून, मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली सलग लिहीत नेलेली मोडी अक्षरे. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही. १७८३ साली मराठा आरमाराच्या आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज काबीज केले, हे आपण वाचलेले असते. पण आरमार म्हणजे केवळ लढाई नव्हे, तर खलाशांचा मुशाहिरा, लाकूड, दारूगोळा आणि बंदरांची जकातही होय, हे असले कागदच सांगू शकतात.

गोव्याच्या दफ्तराची परंपरा तर १५९५ पासूनची, डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी तेथूनच मराठ्यांच्या इतिहासाची पोर्तुगीज बाजू उजेडात आणली.

कागदांची छायाचित्रे काढणे अवश्यच आहे, परंतु वाचणाराच नसेल तर त्या छायाचित्रांचा उपयोग काय? सरकारने मोडी व पोर्तुगीज जाणणारे वाचक कायम पगारावर नेमावेत, बंदरवार सूच्या सिद्ध कराव्यात, आणि किनाऱ्यावरील जुन्या घराण्यांनी माळ्यावरचे कागद वाळवीच्या स्वाधीन करण्याऐवजी निदान नकलेसाठी तरी दफ्तरात आणावेत.