नवी नंबर प्लेट लावली, म्हणजे गाडी चोरीपासून सुरक्षित झाली का?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या ताज हॉटेलबाहेर एकाच नंबरच्या दोन अर्टिगा गाड्या दिसल्या आणि खळबळ उडाली. खऱ्या मालकाला भलत्याचीच ई-चलनं येत होती. कर्जाच्या वसुलीपासून सुटण्यासाठी दुसऱ्याने प्लेटवरचा आकडा बदलल्याचं चौकशीत समोर आलं. चोरलेली गाडीही अशीच नंबर बदलून फिरवता येते.

त्यामुळे गाडी अंधेरीची एमएच-०२ असो की बोरिवलीची एमएच-४७, १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता 'एचएसआरपी' सक्तीची आहे. या प्लेटवर होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो. तिचं लॉक तोडल्याशिवाय ती निघत नाही. पण ती चोराला अडवत नाही, चोरीनंतर गाडी वापरणं अवघड करते, इतकंच. सुटे भाग करून विकणाऱ्याला प्लेटशी देणंघेणं नसतं.

मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या सोसायट्यांत पार्किंग नाही, म्हणून गाड्या रात्रभर रस्त्यावर. तिथे बाहेरून दिसणारं साधं स्टिअरिंग लॉकही उपयोगी ठरतं, कारण चोराला वेळ नको असतो. काच फोडणाऱ्याला तर गाडी नव्हे, सीटवरची बॅग हवी असते. फुटलेल्या काचेचे पैसे सर्वसमावेशक पॉलिसीतून मिळू शकतात, पण लॅपटॉपचे साधारणपणे मिळत नाहीत.

गाडीच गेली तर? फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही, आणि जुन्या गाडीचे अनेक मालक नेमका तोच घेतात. सर्वसमावेशक पॉलिसीत 'आयडीव्ही', म्हणजे पॉलिसीत ठरलेली गाडीची किंमत, हा भरपाईचा आधार असतो. कंपनी सहसा दोन्ही मूळ चाव्या मागते. एक कमी असेल तर प्रश्न सुरू होतात. चावी गाडीतच राहिलेल्या ट्रकच्या चोरीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ७५ टक्के भरपाई मान्य केली, पण त्यासाठी मालकाला थेट दिल्ली गाठावी लागली.

एफआयआर लगेच नोंदवला असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा दावा नाकारता येत नाही, असं याच न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. म्हणून गाडी जागेवर नसेल तर आधी ती टोइंगवाल्यांनी उचलली आहे का ते पाहा; नसेल तर त्याच दिवशी पोलीस ठाणं गाठा, मग कंपनीला आणि आरटीओला लेखी कळवा.